बावीस लाखांचे लोणचे

श्री गजानन प्रसन्न

मुक्काम बँकॉक, १८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनी यांस बाळूचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. कामतघरच्या कारखान्याचे पत्रे गंजून त्यांची चाळण झाली आहे, गोदामवाला भाडेकरू त्या निमित्ताने भाडे अडवून बसला आहे, आणि ‘तुझे बावीस लाख रुपये तिकडे परक्या बँकेत नुसते पडून आहेत, त्यातले पाच इकडे पाठव,’ असा आपला हुकूम आहे. हुकमाची अवज्ञा करण्याची माझी छाती नाही, हे आपण जाणताच. तथापि ‘नुसते पडून आहेत’ या शब्दांनी आम्हां उभयतांस जो खेद झाला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. दादा, ते पैसे पडून नाहीत. ते मुरत आहेत.

प्रकार असा आहे. पन्नाशी गाठलेल्या परदेशी इसमास निवृत्तीचा काळ या देशात घालवायचा असेल तर हे सरकार त्याला एका वर्षाची मुदत देते, आणि वर्ष संपत आले की त्याने कचेरीत हजर होऊन पुढच्या वर्षासाठी अर्ज करावयाचा असतो. त्याने येथे काम करू नये, कमावू नये, केवळ खर्च करावा, एवढीच सरकारची माफक अपेक्षा आहे. परंतु खर्च करण्याची ऐपत त्याच्या अंगी आहे, याचा पुरावा मात्र दरसाल रुजू करावा लागतो. त्याच्या मुख्य वाटा दोन. एक, दरमहा ६५,००० बाट परदेशातून येथील खात्यात येत असल्याचे बारा महिन्यांचे दाखवावे. दुसरी, ८,००,००० बाट खात्यात ठेवून ते अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने जागचे हलू देऊ नयेत, आणि वर्षाच्या उरलेल्या काळातही ते ४,००,००० च्या खाली जाऊ देऊ नयेत. बाटाचा भाव सांप्रत पावणेतीन रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे पहिल्या वाटेने जायचे तर महिन्याला पावणेदोन लाखांहून अधिक रुपये हवेत, आणि ठाणे कोषागारातून मुख्याध्यापकास मिळणारे निवृत्तिवेतन किती असते, हे आपणांस ठाऊक आहे. मी शिक्षण संचालक होऊन निवृत्त झालो असतो तरी तो आकडा गाठला असता असे वाटत नाही.

पूर्वी गोऱ्या पेन्शनरांची चैन होती. त्यांच्या वकिलाती त्यांना उत्पन्नाचे पत्र देत आणि ते येथे चाले. पुढे येथल्या सरकारने विचारले की, हे उत्पन्न तुम्ही स्वतः पडताळून पाहिले आहे काय? तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनीही हात वर केले आणि २०१९ उजाडता उजाडता ती पत्रे बंद झाली. आमच्या इमारतीत राहणारे एक वृद्ध ऑस्ट्रेलियन गृहस्थ अजून त्या पत्राची आठवण काढून सुस्कारा टाकतात. मी त्यांना तलाठ्याचा पंचनामा समजावून सांगण्याचा एकदा प्रयत्न केला. त्यांनी मला थंड पाणी दिले.

आपणांस स्मरत असेल, २०१९ सालीच आम्ही येथे प्रथम यावयास निघालो तेव्हा आपण मोठ्या प्रेमाने तहसील कचेरीतून माझा उत्पन्नाचा दाखला काढून दिला होता. तो मी येथे आल्यावर लेकीपुढे ठेवला. तिने एकवार वाचला आणि म्हणाली, “बाबा, हा दाखवलात तर तुमची फी माफ करतील, पण वर्षाची मुदत काही देणार नाहीत.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला काढतात तो उत्पन्न नाही हे सांगण्याकरिता. एकतीस वर्षे मी शाळेत हेच दाखले तपासले. जून उजाडला की माझ्या टेबलापुढे पालकांची रांग लागे. पद्मानगरचे तेलुगू विणकर, शांतीनगरचे उत्तरेकडचे कामगार, केसांत अजून कापसाची पिंजण अडकलेली, हातात घडी घालून घालून चौथ्या रेघेवर फाटलेला तो कागद. मागावरच्या माणसाला मजुरी मीटरवर मिळते आणि तीही रोख, पंधरवड्याच्या हिशेबाने. तिचा कागद कुठून यावयाचा? कारकुनाने अंदाज करावा, तलाठ्याने सही करावी, आणि आश्चर्य असे की साऱ्या भिवंडीचे वार्षिक उत्पन्न सवलतीच्या मर्यादेच्या दोन पावले अलीकडेच येऊन थांबावे. ज्याचे चोवीस माग चालत त्याचेही तेथेच थांबे. नादारीचा अर्ज करणारा मालक स्कूटर शाळेपासून लांब, वऱ्हाळा तलावाच्या कडेला उभी करून पायी येई, आणि मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत असे. ज्याचे उत्पन्न खरोखरीच दाखल्यापेक्षाही कमी होते त्याच्याकडेही मी त्याच चष्म्यावरून पाहिले असेल, हे आता येथे खुर्चीवर बसून आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहताना आठवते, आणि मान खाली जाते.

असो. आम्ही आठ लाखांची वाट धरली. ग्रॅच्युइटी आणि कारखान्यातल्या माझ्या वाट्याबद्दल आपण दिलेली रक्कम मिळून ती भरली. यंदा वैशाखात मोतीबिंदूसाठी त्यातले निम्मे काढले, आणि ऑगस्टमध्ये आपण त्या सनदी लेखापालाकडे चार हेलपाटे घालून १५ सीबीचे प्रमाणपत्र मिळवलात, मी १५ सीएचा अर्ज भरला, आणि तिकडच्या बँकेने ज्याचे बारसे ‘अनिवासी’ असे केले आहे त्या माझ्या खात्यातून पैसे पुन्हा येथे आले. २५ ऑगस्टला खात्यात बरोबर ८,००,००० बाट झाले. न एक कमी, न एक जास्त. ताळेबंद जुळल्याचा जो आनंद मुख्याध्यापकास मार्चअखेर होतो तो मला झाला, आणि मी पासबुक कपाटात देवांच्या खालच्या खणात ठेवून दिले.

सौ.चा स्वभाव आपण जाणता. आठ दिवसांत तिने पासबुक बाहेर काढले, मंडईतून येता येता बँकेतल्या यंत्रात घातले आणि घरी येऊन माझ्यापुढे उघडे ठेवले. येथे शक मोजतात बुद्धाच्या निर्वाणापासून, म्हणजे आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. चालू साल २५६८. पासबुकावर तारखेपुढे नुसते ६८ असते. मी आधी त्यावरच तिला समजावू लागलो. ती म्हणाली, “तारीख राहू द्या. आकडा वाचा.” आकडा होता ७,९९,७००. कार्डाचे वार्षिक शुल्क म्हणून बँकेने २ सप्टेंबर रोजी ३०० बाट वळते करून घेतले होते, आणि त्या क्षणी माझे आठ लाख आठ लाख उरले नव्हते.

“अहो, लोणचे गळ्याशी भरून कुणी ठेवते का?” ती म्हणाली. “वर बोटभर तेल नको? तेल नाही म्हटले की बुरशी येणारच.”

दादा, मी अर्थशास्त्र शिकवले आहे. ठेवीच्या किमान शिलकीचे तत्त्व इतक्या थोडक्यात मला एकाही वर्गात मांडता आले नव्हते. आम्ही ५ सप्टेंबरला आणखी १०,००० बाट भरले आणि दोन महिन्यांची मोजणी तेथून पुन्हा सुरू केली. ती पुरी होणार ५ नोव्हेंबरला, आणि आमची मुदत सरणार १५ नोव्हेंबरला. मधल्या दहा दिवसांत शनिवार-रविवार वजा जाता काय उरते ते आपणच पाहा. चुकलो असतो तर रोज माणशी ५०० बाट दंड. त्या दोन महिन्यांत सौ.ने मला त्या बँकेच्या बाजूच्या पदपथावरून चालूही दिले नाही. ओला हात लागेल म्हणे.

१० नोव्हेंबरला सकाळी बँक उघडताच १०० बाट भरले, कारण पासबुकात त्याच दिवशीची नोंद असलेली बरी. शिलकीचे पत्र घेतले आणि कचेरीकडे निघालो. बाहेर नकला काढणाऱ्या बाईंच्या टपरीत यंत्राच्या डोक्यावर गणपती होता. येथे त्याला फ्रा फिकनेत म्हणतात आणि कलाखात्याच्या मुद्रेवरही तोच असतो. बाईंनी त्याच्यापुढे तांबड्या सरबताची बाटली नळीसकट ठेवली होती. सौ.ने हात जोडले, बाईंनीही जोडले, आणि दोन नकलांचे पैसे घेतले नाहीत. प्रत्येक पानावर निळ्या शाईने सही करावयाची, टी.एम. ७ हा अर्ज दोघांचा वेगळा, शुल्क माणशी १,९०० बाट. सौ. माझ्या आश्रयाने राहते म्हणून विवाहाचा दाखलाही लागतो. लग्नानंतर तेहतीस वर्षांनी पालिकेत आपण तिघा साक्षीदारांपैकी एक होऊन अंगठ्यासह सही केली होती, तो दाखला आता थाई भाषांतरासह आमच्या संसाराचा एकमेव पुरावा आहे.

खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिने पासबुक उघडले आणि तर्जनी एकेका ओळीवरून खाली नेऊ लागली. ७,९९,७०० वर बोट थांबले. मी श्वास रोखला. बोट हळूच खाली ५ सप्टेंबरवर आले, तिने दुसऱ्या हाताच्या बोटांवर महिने मोजले, माझ्याकडे पाहिले, चष्म्यावरून नव्हे, सरळ, आणि शिक्का उचलला. बाहेर पडल्यावर सौ. म्हणाली, “तुमच्यापेक्षा बरी आहे हो.”

या सर्व दाखल्यांत एक मात्र शिल्लक आहे. नोव्हेंबर असल्याने आपल्या सरकारला माझ्या हयातीचा दाखला हवा आहे. येथले सरकार दर नव्वद दिवसांनी मी कोठे राहतो ते विचारते आणि वर्षाने कशावर राहतो ते विचारते. मी मुळात आहे की नाही, हे विचारणारे आपलेच. तो मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो असे लेक म्हणते. रविवारी दाढी करून बसणार आहे.

तर दादा, पत्र्यांचे असे करावे. जुनी मुदत सरल्यापासून धरले तर तीन महिने १५ फेब्रुवारीला पुरे होतात. त्यानंतर मला बरणीतून निम्म्यापर्यंत काढता येईल, आणि पाच लाख रुपये त्याच आठवड्यात निघतील. ते ऑगस्टअखेरपर्यंत, वरच्या बोटभर तेलासह, मला परत हवेत, म्हणजे गणपतीपूर्वी पुन्हा मुरत घालता येतील. तोवर भाडेकरूची समजूत काढावी. पत्रे बसवणाऱ्याकडून भाव लिहून घ्यावा, तोंडी नको. आणि पाऊस सहसा जूनच्या आत येत नाही, हे त्याच्या नजरेस आणून द्यावे.

वहिनींस सौ.चा नमस्कार. मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
बाळू