खोट दाखवा, लाख मिळवा

रविवारी सकाळी साडेसहाला शेजारच्या नानांनी बेल वाजवली आणि दार उघडताच विचारलं, "भिंग आहे का?"

एवढ्या सकाळी भिंग मागणारा माणूस एक तर ज्योतिषी असतो, नाही तर त्याच्या पायात काटा मोडलेला असतो. नाना दोन्ही नव्हते. त्यांच्या मुठीत रुपयाचं नाणं होतं आणि उंदरानं भाकरी कुरतडावी तशी त्याची एक कड गेलेली होती. "टांकसाळीची चूक!" नाना कुजबुजले. "मोबाइलवरचा मुलगा सांगतो, पाच लाखांच्या खाली सोडू नका."

नाना जन्मभर हिशेब तपासनीस. चूक सापडली की पैसे कापायचे, एवढंच त्यांना ठाऊक. चूक सापडली की पैसे मिळतातही, हे निवृत्तीनंतर कळल्यामुळे त्यांना आयुष्य वाया गेल्यासारखं वाटत होतं.

"शिवाय सालाखाली हिरा आहे," ते म्हणाले. मी सांगितलं, "नाना, हिरा ही मुंबईच्या टांकसाळीची खूण. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते." नानांचे डोळे चमकले. "म्हणजे कोलकातावाले खूण करायलाच विसरले? मग ती आणखी महाग असणार!"

अशा माणसाला थांबवता येत नाही, त्याच्या सोबत जाता येतं. सोमवारी आम्ही फोर्टात गेलो. रिझर्व्ह बँकेसमोर टांकसाळ उभी आहे. नानांनी तिला चप्पल काढून नमस्कार केला.

जुन्या नाण्यांच्या दुकानात म्हातारे शेठ बसले होते. त्यांनी नाणं चिमटीत धरलं, डोळ्याला भिंग लावलं, पण कुरतडलेल्या जागेकडे पाहिलंच नाही. बरोबर तिच्या समोरची कड पाहिली. मग नाणं छोट्या काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "कापलंय कुणीतरी."

नाना उसळले. शेठ शांतपणे सांगू लागले. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या पाडतात. पट्टी नीट सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर पडते आणि तिचा घास जातो. ही खरी चूक. पण ठसा मारण्याआधी चकतीची कड दाबून उचलतात. एका बाजूला धातूच नसेल, तर समोरच्या बाजूला हवा तेवढा दाब बसत नाही आणि तिथली कडही फिकी उठते. "तुमची समोरची कड बघा, कशी ठसठशीत आहे. म्हणजे टांकसाळीतून पूर्ण नाणं निघालं. घास नंतर कुणीतरी घेतला. आणि नाणं मोडणाऱ्याला २०११च्या नाणे कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे." नानांनी नाणं माझ्या हातात दिलं.

मग शेठनी गल्ल्यातून खरी चूक काढून दाखवली. एका बाजूला सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावाची; उलटवलं तर तीच मुद्रा खोलगट आणि आरशातल्यासारखी उलटी. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच छाप खोल उमटली. संग्राहक याला 'लखी' म्हणतात. दोन नाणी पकडीत दाबून नकली लखीही करतात. पण तिच्यात खोलगट छापेखाली मूळचे आकडे भुतासारखे दिसत राहतात. "नावात लाख आहे," शेठ म्हणाले, "भाव मात्र शेकड्यांत बोला. फारच झालं तर हजारांत."

"पण चूक ती चूकच ना?" नानांचा शेवटचा प्रयत्न. शेठनी उत्तर न देता एक शिवराई पुढे सरकवली. एका बाजूला 'श्री राजा शिव' असायला हवं, 'श्री' अर्धाच. मागे 'छत्रपति'मधला 'ति' कडेबाहेर. ठसा मोठा, चकती लहान आणि वर हातोड्याचा घाव. मग असंच व्हायचं. त्यामुळे शिवराईत सगळी अक्षरं जागेवर असतील तर भाव चढतो आणि यंत्रातल्या रुपयात ती जागेवरून घसरली तर. जे क्वचित घडतं त्याला मोल, एवढाच या धंद्याचा नियम. हे ऐकून मला आमच्या रस्त्याची काळजी वाटू लागली. दर पावसाळ्यात चुकतो, त्यामुळे त्याला संग्राहक मिळायचा नाही.

बाहेर पडलो तोच नानांचा मोबाइल वाजला. मोबाइलवरचाच मुलगा. पाच लाख तयार आहेत, फक्त नोंदणीचे दीड हजार आधी पाठवा. मी नानांना सांगितलं, की अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कुणाकडून दलाली घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलंय. नाना समोरच्या उंच इमारतीकडे पाहत म्हणाले, "त्यांना सांगायला काय जातं! त्यांच्याकडे आहेत पैसे."

कोपऱ्यावर चहा घेतला. चहावाल्यानं उरलेल्या पैशात दहाचं नाणं दिलं. नानांनी ते उलटसुलट केलं आणि परत टाकलं. "खोटं आहे. यावरच्या रेघा वेगळ्या आहेत. नोट द्या." मी म्हटलं, "२०१८च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने चालतात." चहावाला म्हणाला, "साहेब, बँक सांगते, पण गिऱ्हाईक घेत नाही."

शेवटी नानांना नोट मिळाली. कुरतडलेला रुपया माझ्याकडून परत घेऊन त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवलाय. दुसरं दुकान बघू म्हणतात. दहाचं नाणं माझ्याकडे आलं. रिक्षावाल्यानं घेतलं नाही, भाजीवालीनं घेतलं नाही. काल रात्री भिंगाखाली धरून नीट तपासलं. कड सारखी, ठसा सरळ, अक्षरं जागेवर. त्यात एकही चूक नाही. कोण घेणार?