रुसलेलं मत

गेल्या लोकसभेला मी माझ्या पक्षावर रुसलो. पक्ष कोणता ते विचारू नका. रायगडात जवळपास कुठल्याही पक्षाचं नाव घातलंत तरी गोष्ट तीच राहील. २०१४ ला इथे अनंत गीते आणि सुनील तटकरे भिडले होते, २०२४ लाही तेच दोघे. बदलली ती फक्त त्यांच्या मागची माणसं. दहा वर्षांपूर्वी ज्याला पाडायला आम्ही मुरुडच्या उन्हात चपला झिजवल्या, त्याच्याच सभेत आता आम्हाला पुढच्या खुर्च्या! शिवाय ३ जून २०२० ला निसर्ग वादळात माझ्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा पक्षाचा माणूस येऊन तीन फोटो काढून गेला. दोनांत मी नव्हतो. तिसऱ्यात माझा हात होता.

म्हणून किनाऱ्यावरच्या कट्ट्यावर मी जाहीर केलं, “यंदा मत नाही. जंजिरा जिंकता येईल, मला वळवता यायचं नाही.” आता विनवण्या करायला रांग लागणार, म्हणून सौ.ला चांगले कपही काढून ठेवायला सांगितले.

जंजिरा कुणाला जिंकता आला नाही हे खरं, पण निदान चढाई करायला लोक आले तरी होते. माझ्याकडे चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी एक कार्यकर्ता आला. मी आवाज जड केला. तो म्हणाला, “काका, झेंडे बांधायचेत. सुतळी आहे का?”

सुतळी दिली. असलेली वस्तू नाही कशी म्हणायची?

“घरी बसलात तर त्यांना कळणार कसं, तुम्ही रुसलात ते?” सौ. म्हणाली. “यादीतली मेलेली माणसंसुद्धा मतदानाला जात नाहीत.”

नोटाचा विचार केला. पण लोकसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. नगरपरिषदेसारख्या निवडणुकांत नोटा पहिला आला तर पुन्हा मतदान, असं राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं. म्हणजे गटारापुरता माझ्या रागाला भाव, दिल्लीपर्यंत नाही. २०१४ ला इथला निकाल लागला अवघ्या २,११० मतांनी, आणि सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष ९,८४९ मतं घेऊन गेला होता. नुसत्या नावसारखेपणाला एवढं वजन, आणि माझ्या तत्त्वाला काहीच नाही?

शेवटी निवडणुकीच्या ड्युट्या करून पिकलेल्या भाच्याने मार्ग सांगितला: नोंदवहीत सही केल्यावर मत द्यायला नकार देता येतो, तसा शेरा लिहून घेतात. लेखी रुसवा! सरकारदरबारी!

७ मे ला इस्त्रीचा सदरा घालून गेलो. एकाने नाव पुकारलं, दुसऱ्याने बोटाला शाई लावून सही घेतली, तिसऱ्याने चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

“मला मत द्यायचं नाही,” मी म्हणालो. पुढचं तीन मिनिटांचं भाषण पाठ होतं.

“बरं,” केंद्राध्यक्ष म्हणाले. “शेरा लिहितो. इथे सही करा.”

“कारण?”

“कारणाला रकाना नाही.”

मागून एक मुंबईकर ओरडला, “काका, आटपा ओ, मला दुपारची एसटी पकडायचीय!”

भाषण गिळून बाहेर पडलो. जरा पुढे पक्षाचा मांडव होता. सुतळीवाल्याने माझं बोट पाहिलं, आणि माझ्या तत्त्वाची जी एकमेव खूण अंगावर होती ती शाई बघून तो हरखला. “आलात ना काका! मी म्हटलंच होतं, काकांचं मत जातंय कुठे!”

“मी मत दिलेलं नाही,” मी ठासून सांगितलं.

त्याने मांडवभर ते ओरडून सांगितलं आणि अख्खा मांडव पोट धरून हसला. आमचे काका म्हणजे पहिल्यापासून गमतीदार. कुणीतरी हातात कोकम सरबताचा ग्लास दिला. ऊन मरणाचं होतं. दोन ग्लास प्यालो, आणि निघताना उरलेली सुतळी तेवढी मागून घेतली.