खिडकीवाले चिटणीस

पाहुणा उठू लागला की त्याच्या चपला दडवणारे आणि 'बसा हो, चहा टाकलाय' म्हणत त्याची शेवटची एस.टी. चुकवणारे यजमान आपल्याकडे पूर्वापार आहेत. परंतु त्या आतिथ्याचा संगणकीय अवतार मला प्रथम दिसला तो आमच्या ग्रंथसंग्रहालयाच्या चिटणिसांत. संकेतस्थळ उभारण्याची कामगिरी मजकडे येताच त्यांचा लेखी हुकूम सुटला की, प्रत्येक दुवा, मग तो विश्वकोशाचा असो वा आमच्याच वर्गणीच्या तक्त्याचा, नव्या खिडकीतच उघडला पाहिजे. "वाचक एकदा बाहेर पडला की परत येतो कशावरून?" हा त्यांचा सवाल.

ज्या मागे नेणाऱ्या बाणाच्या भरवशावर वाचक या महाजालात निर्धास्त हिंडतो, तो बाणच नव्या खिडकीत निष्प्राण होतो, हे मी अदबीने निवेदन केले. वापरसुलभतेचे आचार्य जेकब नील्सन यांनी १९९९ सालीच ही खोड संकेतस्थळांच्या प्रमुख प्रमादांत दाखल केल्याचा पुरावा जोडला. संकेतस्थळाची पाने रचण्याच्या एचटीएमएल ४ या भाषेच्या कडक नियमावलीने तर दुवा नव्या खिडकीत उघडणारी 'टार्गेट' ही तरतूदच वगळली होती, हेही सांगितले. दुर्दैवाने, २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ ने ती पुन्हा रुजू करून घेतली, हे सत्य माझ्याच तोंडून निसटले. "म्हणजे वरच्या कोर्टात निकाल आमच्या बाजूने लागला म्हणा की!" चिटणीस प्रसन्न झाले.

अर्धवट भरलेला अर्ज पुसला जाऊ नये म्हणून नियमांचे पान वेगळ्या खिडकीत दाखवावे, इतकी सवलत मीही देईन. पण चिटणिसांना अर्जाची फिकीर नव्हती, माणूस निसटण्याची होती.

परवा त्यांनी मला तातडीने बोलावले. "आपलं संकेतस्थळ हरवलं!" पडद्यावरच्या पट्टीत खिडक्यांची अशी दाटी झालेली की एकीचेही नाव वाचता येईना. शोध घेता संकेतस्थळ अकरा ठिकाणी उघडे सापडले.

ती संधी साधून मी अर्ज केला की, कंट्रोलची कळ दाबून दुवा टिचकावल्यास नवी खिडकी वाचकाला स्वतःच उघडता येते. सबब हा निर्णय त्याच्यावरच सोपवावा. अर्ज दुसऱ्याच दिवशी लाल शाईच्या शेऱ्यासह परत आला : "अभ्यागतांस इतकी मोकळीक देणे संस्थेच्या हिताचे नाही. नामंजूर."