दर्दी

हिंदी सिनेसंगीतावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडला तर आपण एखादं नाव घेतो आणि चहाचं बघतो. दर्दी माणसाचं तसं नसतं. हा प्रश्न नुसता कानावर पडला की तो उठून आधी पंखा बंद करतो. पंख्याच्या घरघरीत त्याला मनासारखं भांडता येत नाही.

दादर, ठाणे, डोंबिवली, सदाशिव पेठ, कुठेही जा, दोन-तीन इमारतींमागे एक दर्दी हमखास सापडतो. बँकेतून किंवा विम्यातून निवृत्त झालेला असतो. संगीतकारांशी त्याची सलगी दांडगी. सी. रामचंद्र हे ‘अण्णा’, राहुलदेव बर्मन ‘पंचम’ आणि नौशादसाहेब ‘मियाँ’. यांपैकी एकालाही तो कधी भेटलेला नाही, पण ‘जय गेला आणि शंकर खचला’ हे तो असं सांगतो की, ऐकणाऱ्याला वाटावं, हा परवाच भेटून आलाय. जयकिशन गेला 1971 साली. दर्दी अजून सुतकात आहे.

या वादात गायकांची नावं घ्यायची नसतात, हा पहिला नियम. नवख्या माणसाने ‘लता’ म्हटलं की दर्दी ‘ते झालंच हो, पुढे बोला’ असं म्हणून हात झटकतो. कार्याच्या आरंभी गणपतीला नमस्कार करावा तसा लता-रफी-किशोरला एकदा नमस्कार करायचा आणि मग खऱ्या कामाला लागायचं. खरं काम म्हणजे संगीतकार. आणि संगीतकारांतही, तुम्ही ज्याचं नाव घ्याल तो नव्हे, त्याच्या आधीचा.

ही त्याची खास पद्धत. तुम्ही म्हणता, पंचम. दर्दी मंद हसतो. ‘‘‘तीसरी मंज़िल’ कधीचा? 66. ओ. पी.चा ‘आर पार’ 54 चा. ठेका तिथे बघा.’’ बरं, मग ओ. पी. नय्यर म्हणू या का? ‘‘छे! त्याच्याही आधी, 51 साली, अण्णांनी ‘अलबेला’त क्लबातला अख्खा बँड आणून उभा केला होता.’’ ठीक, अण्णा. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आपला माणूस, इथे तरी गाडी थांबेल असं तुम्हाला वाटतं. पण दर्दी आता आवाज खाली आणतो. ‘‘ते ब्रास कोण वाजवत होतं? चिक चॉकलेट! गोव्याचा.’’ तिथून तो गुलाम हैदरांच्या 1941 च्या ‘खज़ांची’वर जातो, तिथून कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोरालांकडे, आणि 1935 च्या ‘धूप छाँव’ला, म्हणजे हिंदीत पार्श्वगायन सुरू झालं तिथे, येऊन क्षणभर दम खातो. त्याच्यामागे फार जाता येत नाही, मूकपट लागतात. अडचण तेवढीच.

एकदा एका भाच्याने मोठ्या धिटाईने रेहमानचं नाव काढलं. 1992, ‘रोजा’. सगळे श्वास रोखून बसले. दर्दी म्हणाला, ‘‘मुलगा गुणी आहे. पण वडील कोण? आर. के. शेखर! मल्याळी चित्रपटांचं संगीत करायचे.’’ रेहमानची वासलात वडिलांकडे लावून त्याने पोह्यांची बशी पुढे ओढली. पंचमची वासलातही तो अशीच सचिनदांकडे लावतो. फक्त ‘आराधना’चा विषय निघाला की घोटाळा होतो. 1969 च्या त्या चित्रपटाला संगीत वडिलांचं, मुलगा सहायक. आणि त्यातल्या चाली खऱ्या कोणाच्या यावरून दोन चांगल्या शेजाऱ्यांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय.

माझं मत विचाराल (दर्दीने ते कधीच विचारलेलं नाही), तर चिक चॉकलेटपाशी तो खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ पोचलेला असतो आणि घाईघाईत पुढे निघून जातो. आपल्याकडे चाल एका सुरावटीची. तिच्या मागे व्हायोलिनांचा ताफा कुठे उठवायचा, चेलो कुठे फिरवायचा, कडव्यांच्या मधल्या जागा कशाने भरायच्या हे नोटेशनमध्ये लिहून काढणारी मंडळी पुष्कळशी गोव्याची होती. शंकर-जयकिशनकडे सॅबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. तबकडीवर संगीतकाराचं नाव छापून येई, यांचं येत नसे. 1977 साली लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या संगीतात अमिताभ बच्चनने प्रचंड अंड्यातून बाहेर येऊन अँथनी गोन्साल्विस हे नाव साऱ्या देशाला ऐकवलं, पण ते खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना कळलं?

असो. दर्दीच्या घरी गाणं ऐकणं हा वेगळाच प्रकार आहे. रेडिओवर निवेदक सांगतो तसं चित्रपट, साल, गीतकार असं सगळं तो आधी स्वतः म्हणतो. मग गाणं सुरू होतं. अर्ध्या मिनिटात त्याचा हात वर. गाणं बंद. ‘‘ऐकलंत? मागे मेंडोलिन आहे.’’ आपण मान डोलावतो. ‘‘नाही ऐकलंत.’’ गाणं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी दहा सेकंद पुढे जाऊन हात वर. तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी या घरात पाऊण तास पुरते, आणि तरी दुसरं कडवं लागत नाही. लेकाने हौसेने पाच हजार गाण्यांचा तो ‘कारवाँ’ आणून दिला, तर आठ दिवसांत दर्दीने तो उचलून स्वयंपाकघरात ठेवला. का, तर मधे थांबून बोलायला तो वाव देत नाही. बाहेर कपाटात कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी सिद्ध केलेले ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’चे जाडजूड खंड आहेत. त्यांना शाळेच्या पुस्तकांसारखी खाकी कव्हरं, आणि समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या.

चोरीच्या बाबतीत मात्र दर्दीचं मन फार उदार आहे, पक्ष आपला असेल तर. ‘छाया’त सलिलदांनी मोत्झार्टची चाळिसावी सिंफनी घेतली, ती प्रेरणा. ‘शोले’त पंचमने डेमिस रूसोची चाल घेतली, ती मात्र उचलेगिरी. मदनमोहनने सज्जादच्या ‘संगदिल’मधल्या चालीवर ‘आखरी दाव’ला गाणं बांधलं, हा तर आदर! मग ‘गुमनाम’चं काय, शंकर-जयकिशननी हेन्री मॅन्सिनीची ‘शराड’ची चाल घेतली त्याचं? असं विचारलंत की दर्दीला एकदम औषधाची वेळ आठवते.

पुरस्कारांचं दुःख तर जन्माचं. 1964 च्या चित्रपटांत ‘संगम’ आणि ‘वह कौन थी’ असताना फिल्मफेअर ‘दोस्ती’ला गेलं. मदनमोहनला ते आयुष्यात एकदाही मिळालं नाही. आणि 1972 चा ‘पाकीज़ा’ सोडून शंकर-जयकिशनच्या ‘बेईमान’ला? ‘पाकीज़ा’चे गुलाम मोहम्मद तर चार वर्षं आधीच गेलेले. प्राणने त्या निषेधात स्वतःचा पुरस्कार नाकारला, म्हणून प्राणचे सगळे खून दर्दीला माफ आहेत. खुद्द शंकर-जयकिशनचा भक्त असूनही ही एक गोष्ट तो कबूल करतो, मान खाली घालून.

गेल्या दिवाळीत मात्र त्याला तोडीस तोड माणूस भेटला. आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक मितभाषी गृहस्थ कोपऱ्यात चकली खात बसले होते. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, ‘‘सर्वांत जास्त प्रभाव बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचा.’’ कोणालाच हे संगीतकार आठवेनात. ‘‘नभोवाणीमंत्री,’’ त्यांनी खुलासा केला. ‘‘1952 साली यांनी आकाशवाणीवरून फिल्मी गाण्यांना दार दाखवलं, आणि अख्खा देश रेडिओ सिलोन लावून बसला. त्याच डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आपला माल परक्या स्टेशनावर खपतोय म्हटल्यावर 57 साली विविध भारती काढावी लागली. या माणसाने एकही चाल न बांधता सिनेसंगीत घराघरांत पोचवलं. शिवाय मराठी!’’

दर्दीचं तोंड उघडं राहिलं. त्याला निरुत्तर झालेला मी प्रथमच पाहत होतो. पण तो दर्दी आहे. चहाचा एक घोट घेतला आणि गरजला, ‘‘आणि 53 साली त्या गीतमालेत वर्षाचं पहिलं गाणं कुठलं होतं? ‘अनारकली’चं! संगीत कोणाचं? अण्णांचं!’’ पंखा पुन्हा बंद झाला.

तुमच्यावर कधी अशा घरी जायची वेळ आलीच तर पोटभर जेवून जा, परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ आधीच सांगून ठेवा, आणि ओ. पी.ने लताकडून एकही गाणं का गाऊन घेतलं नाही हा प्रश्न चुकूनही काढू नका. आवडतं गाणं शेवटपर्यंत ऐकायचं असेल, तर ते आपापल्या घरीच ऐकावं.