घाटाखालचे तात्या

पोलादपूर सोडून खेडच्या दिशेने निघालं की चोळई, धामणदेवी, भोगाव ही गावं मागे टाकत रस्ता कशेडी घाटाला लागतो. या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत जा, एक तात्या भेटणारच. कोणी त्यांना अण्णा म्हणत असेल, कोणी बाबूशेठ, कोणी नुसतं मास्तर. आपण तात्या म्हणू. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या अंगणातून सकाळी सातला ‘अगं, पकड कुठे ठेवलीस?’ अशी आरोळी येते, ते त्यांचं घर. पकड त्यांच्याच खिशात असते.

तात्यांना नाद दोन. सहा दिवस घरात काहीतरी ठोकायचं आणि सातव्या दिवशी सगळं घर उचलून कुठेतरी न्यायचं. ठोकलेलं कधी पुरं होत नाही, निघालेलं कधी वेळेत पोचत नाही, आणि दोन्हीचं तात्यांना काडीइतकं दुःख नाही. उलट एखादं काम चुकून पुरं झालंच, तर दोन दिवस त्यांचा चेहरा उतरलेला असतो. मी पाहिलाय तो. वहिनी अशा वेळी मुद्दाम एखादं कपाटाचं दार जोरात आपटतात. बिजागरी सुटते आणि माणूस पुन्हा माणसात येतो.

पावसाळ्याआधी त्यांनी पागोळ्या धरायला पन्हळ बसवली. प्लास्टिकचा पाइप करवतीने उभा चिरला, काथ्याने वाशांना बांधला, उतारही दिला. फक्त उतार स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेला. पोलादपूरचा पाऊस, त्याला काय दम धरवतोय! पहिल्याच सरीत चुलीपाशी तळं साचलं. ‘मागीलदारी जायला नको, पाणी घरात आलं,’ तात्या म्हणाले, आणि उरलेला आषाढ वहिनींनी खिडकीत घमेलं धरून काढला. पुढे कशेडीच्या नव्या बोगद्यातही पाणी झिरपतं अशा बातम्या आल्या, तेव्हा तात्यांनी तो पेपर जपून ठेवला. ‘तिथे इंजिनिअर होते,’ एवढंच ते म्हणतात.

पण त्यांचं खरं काम म्हणजे पडवीतला झोपाळा. त्याची फळी फणसाची, महाडच्या मावशीकडची. 2021 च्या जुलैत महाड शहरात पुराचं पाणी भरलं, त्यात मावशीचा झोपाळाही गेला. पाणी ओसरल्यावर दारोदार चिखलाने माखलेल्या संसाराचे ढीग पडले होते. घर धुवायला गेलेल्या तात्यांनी ढिगातून ही फळी ओढून काढली. मावशी म्हणाली, ‘टाक रे बाबा, कुजली ती.’ तात्यांनी ती मेव्हण्याच्या ओम्नीच्या टपावर बांधली आणि घरी आणली. फळी वाळली, पण वाळताना पिळवटली. एक कोपरा वर, एक खाली. हे शेंबड्या पोरालाही दिसतं. तात्यांना मात्र दोष साखळीत दिसतो.

त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी साखळी सोडायचा कार्यक्रम असतो. आधी बाटलीत निम्मं पाणी भरून ती फळीवर आडवी ठेवायची, एक डोळा मिटून पातळी बघायची. बाटली घरंगळून अंगणात जाते. ती आणायला मुलगा नेमलेला आहे. मग ‘उजवी अर्ध्या बोटाने कमी आहे’ असा निकाल देऊन उजवीकडची साखळी एक कडी वर घ्यायची. लगेच डावा कोपरा खाली जातो. पुढच्या शनिवारी डावी साखळी एक कडी वर. असं करत करत झोपाळा इतका वर गेलाय की आईला त्यावर चढायला पाट लागतो. पाटही तात्यांनीच केलाय. तो डुगडुगतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. ते आधी संपेल की हा झोपाळा, यावर घरात पैज लागलीय. वहिनींनी पैसे महामार्गावर लावलेत.

मावशी महाडहून आली की मात्र थेट त्याच फळीवर बसते, खालचा कोपरा पकडून, आणि अंगठ्याने झोका देत टाकळ्याची भाजी निवडते. कुजली म्हणून टाकायला सांगितली होती, ही आठवण तिला कोणी करून देत नाही.

रविवारचा बेत आदल्या रात्री जेवताना जाहीर होतो. मुलांना लोणावळा, माथेरान, इमॅजिका अशी नावं घ्यायची मुभा असते. तात्या सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘ठरलं. गांधारपाले.’ महाडबाहेर महामार्गावरून दिसणारी ही लेणी. लाखो लोक काचेतून बघतात आणि पुढे जातात. तात्या वर चढतात, टेप घेऊन. भिक्खूंच्या खोल्यांतले दगडी ओटे त्यांनी मोजलेत. ‘अठराशे वर्षं झाली, पण एक ओटा हललाय का बघ,’ असं म्हणून उंची वहीत टिपून घेतली. झोपाळ्याच्या कामी येईल म्हणे.

कधी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, कधी उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापाशी, कधी शिवथरघळीत धबधब्याच्या तुषारांखाली भाकऱ्या सोडायच्या. खर्च पेट्रोलचा आणि भेळेचा. बाकी तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, कांदा, आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन. हा कॅन हा त्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला गेले होते, ‘आपली सावित्री कुठून निघते ते पोरांना दाखवू’ म्हणून. पंचगंगेच्या देवळात उभं राहून समजावलं, की कृष्णा इथून निघून बंगालच्या उपसागराकडे जाते आणि आपली सावित्री पोलादपूर-महाडवरून बाणकोटला समुद्राला मिळते. पोरं तहानली. तात्यांनी सावित्रीच्या उगमापाशी पोलादपूरच्या विहिरीचं पाणी पाजलं. ‘इथलं बाधलं तर?’

रायगडाची गोष्ट आई अजून सांगते. गडावर 1996 पासून रोपवे आहे, पण तात्यांच्या मते महाराजांची भेट अशी आयती घ्यायची नसते. आईपुरती सवलत. आई डब्यात बसून चार-पाच मिनिटांत वर पोचली. हे बाकीच्यांना घेऊन पायऱ्यांनी निघाले, आणि दर वळणावर ‘हे बघा’ सुरू झालं. चौदाशेच्या वर पायऱ्या, आणि दाखवण्यासारखं तर सगळंच. वर पोचले तेव्हा आई तिथल्या ताकवालीशी गप्पा मारून तिच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत आली होती. घामाने निथळणाऱ्या लेकाला बघून म्हणाली, ‘कुठे राहिला होतास रे, रस्ता चुकलास?’

तात्यांच्या हातून एकच गोष्ट बिनचूक होते: पोपटी. जानेवारी-फेब्रुवारीत वालाच्या शेंगा भरल्या की मुंबईचे चाकरमानी पुतणे-भाचे शनिवारी रात्री मुक्कामाला येतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर ओवा-मीठ चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं उपडं. भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या. तात्या या वेळी कोणाला हात लावू देत नाहीत आणि स्वतः बोलतही नाहीत, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं. अर्ध्या तासाने ते बोटांनी मडक्यावर पाणी शिंपडतात. थेंब चर्र होऊन उडाला की झाली. मडकं काठीने काढतात, पाला उपसतात, आणि त्या उग्र-गोड वासात डोंबिवलीची पोरं बोटं भाजत शेंगा सोलायला बसतात. इथे टेप नाही, बाटली नाही, वही नाही. मी एकदा म्हटलं, ‘तात्या, झोपाळाही असाच अंदाजाने करा ना.’ आठवडाभर बोलले नाहीत.

मग बोगदा आला. जवळपास दोन किलोमीटरचा. 2023 च्या गणपतीत चाकरमान्यांसाठी त्याची एक बाजू उघडली. घाटाला पाऊण तास लागायचा, तिथे दहा मिनिटांत माणूस पलीकडे. सगळं कोकण खूश, तात्या अस्वस्थ. पाऊण तासात त्यांचे किती थांबे व्हायचे! पोरांना मळमळलं की लिंबू हुंगायला एक, इंजिन तापलं म्हणून एक, दरी बघायला एक, आणि मागचा ट्रक पुढे जाऊ दे म्हणून एक. बोगद्यात थांबायचं कुठे आणि बघायचं काय?

पण महिन्याभरात त्यांना शोध लागला की गाड्या बोगद्याने जायला लागल्यावर घाट मोकळा झालाय. तेव्हापासून रविवारचा नवा मार्ग ठरला. जाताना बोगद्यातून सुसाट, वाचलेल्या वेळेबद्दल सरकारचे जाहीर आभार. पलीकडे खेडच्या बाजूला चहा. मग ओम्नी वळवायची आणि घाटाने परत, वळणावळणाला थांबत. घरी यायला दुपार टळते.

मागच्या खेपेला डोंबिवलीचा पुतण्या बरोबर होता. घाटातल्या एका वळणावर सतरंजी अंथरली जात असताना त्याने घड्याळ बघत विचारलं, ‘तात्या, पण खेडकडे आपलं काम काय होतं?’

तात्या कॅनचं झाकण फिरवत होते. म्हणाले, ‘काम असतं तर तुम्हाला कशाला आणलं असतं रे?’

‘ते झाकण उलटं फिरवताय,’ वहिनी म्हणाल्या.