टर्बोला खोबरेल

सोलापूरहून हैदराबादला जायला रेल्वे आहे, एसटी आहे, रात्री झोपून जायच्या खासगी गाड्या आहेत. तरी मी कांद्याच्या ट्रकमधून गेलो, याला कारण आमचे दाजी. "तिकिटाला कशाला पैसे घालवता पाव्हणं? माझी गाडी रात्री दहाला मलकपेठला निघालीय. पहाटे सहाला हैदराबाद. तुमचं भाषण संध्याकाळी सहाला. मधले बारा तास नुसत्या झोपा काढा."

भाषण म्हणजे तिकडच्या एका मराठी मंडळात व्याख्यान होतं. विषय, 'दक्खनी बोलीवरची मराठीची छाप'. बावीस पानांची टिपणं काढली होती. ती पिशवीत, पिशवी मांडीवर, मी केबिनमध्ये दाजी आणि किन्नर यांच्या मधोमध आणि मागं कांद्याच्या साडेतीनशे गोण्या, असे आम्ही निघालो. किन्नर एकोणीस-वीस वर्षांचा. केसांवर त्याची फार माया. गाडीत टूलबॉक्स होती, पण तिच्याहून हाताशी होती ती त्याची खोबरेल तेलाची बाटली.

नळदुर्गच्या चढाला पहिला आवाज झाला. दिवाळीत सुतळी बॉम्ब कानाजवळ फुटावा तसा एक 'धाड', पाठोपाठ 'फुस्स', आणि मग साडेसतरा टन माल भरलेली गाडी भरल्या पोटाच्या म्हशीसारखी जागच्या जागी डुलायला लागली. मागं काळ्या धुराचा असा लोट, की कांदे भाजायला घातलेत असं वाटावं. मी पिशवी छातीशी धरली.

"टर्बोचा पाइप उडाला," दाजी म्हणाले. दूध उतू गेल्याचं सांगावं, तसं. "काय बे, पाना कुठंय?" हे किन्नराला. सोलापुरात 'बे' लावल्याशिवाय पानासुद्धा सापडत नाही.

दाजी आणि किन्नर केबिन उचलून खाली डोकावेपर्यंत थोडं शास्त्र सांगून टाकतो; ते मला नंतर कळलं, पण वाचकांना आधी कळलेलं बरं. एंजिनातून बाहेर पडणारा जळका धूर फुकट जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेत एक चाक बसवतात. त्या चाकाच्या दांड्यावर पलीकडे दुसरं चाक. धूर पहिल्याला फिरवतो, दुसरं बाहेरची हवा दाबून एंजिनात कोंबतं. ही अक्कल स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची. पेटंट १९०५ सालचं. चाकं मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतात. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा फुगते, म्हणून तिला थंड करायला पुढं जाळीचा इंटरकूलर. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते एंजिन अशी हवेची ने-आण पाइपांतून होते, आणि पाइपांच्या सांध्यांवर रबराचे होज चढवतात. आमचं सगळं रामायण त्या वीतभर रबरात होतं.

आता गंमत अशी की एंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं, ते सुरू झालं की हलतं, गाडीनं जोर धरला की एका अंगाला कलतं. इंटरकूलर मात्र चासीला पक्का. दोघांमधला होज म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोन्ही बाजूंना धरून ठेवायचं आणि दोन्हीकडची गरम हवा खायची. तीन इंची तोंडावर दीड बारचा दाब धरला तरी सांधा उसकटून टाकणारा जोर पासष्ट-सत्तर किलोंचा होतो. म्हणजे आमच्या किन्नरानं त्या सांध्याला लोंबकळून राहण्यासारखं. तेही चढ लागला की प्रत्येक वेळी.

जिथं आम्ही उभे होतो तिथून नळदुर्गचा किल्ला जवळच. त्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांध घातला आणि बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात अख्खी नदी डोक्यावरून कोसळते आणि आतला माणूस कोरडा. चारशे वर्षं ती भिंत नदी धरून आहे. आमच्या क्लिपला सोलापूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरसुद्धा हवा धरवली नव्हती. मी हे दाजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बॅटरी नीट धरा."

पाइप पुन्हा बसवला. क्लिप आवळली. दाजी आवळून दमल्यावर किन्नरानं आवळली, आणि मीही, बुद्धिजीवी माणसानं मागं राहू नये म्हणून, पाऊण आटा दिला. तासभर गेला.

दुसऱ्यांदा उडाला तो उमरगा मागं टाकून कर्नाटकात शिरल्यावर, हुमनाबादच्या पुढं. तेच झालं. फक्त ह्या वेळी आवळताना कोणी पहिल्याइतकं बोललं नाही.

तिसऱ्यांदा संगारेड्डी ओलांडल्यावर, उजाडता उजाडता. दिवसा अवजड गाड्यांना शहरात मज्जाव, त्यामुळं मलकपेठ रात्रीशिवाय नाही, हे एव्हाना ठरून गेलं होतं. दाजी म्हणाले, "आता ऑटोनगर." ऑटोनगर हैदराबादच्या पार दुसऱ्या टोकाला, विजयवाड्याच्या रस्त्यावर. पाटणचेरूजवळ बाह्यवळण रस्त्याला लागलो. तो सगळा १५८ किलोमीटरचा फेरा. आम्हाला त्यातला जवळपास निम्मा काटायचा होता. पाय हलका ठेवायचा, टर्बोला जोर येऊ द्यायचा नाही, म्हणजे पाइप टिकतो, असा दाजींचा हिशेब. हैदराबादच्या काचेच्या नव्या इमारतींची रांग, मग शमशाबादची उतरती विमानं, हे सगळं मी तीस-पस्तीसच्या वेगानं इतकं सावकाश बघितलं, की तिथल्या रहिवाशांनीही बघितलं नसेल. मोटारी शेजारून जाताना नाक दाबत होत्या. कांद्यामुळं की धुरामुळं, कळायला मार्ग नव्हता.

ऑटोनगरात एका पत्र्याच्या शेडखाली उस्ताद भेटले. साठीच्या पुढचे, मेंदी लावलेली दाढी, चष्म्याची एक काडी तारेची.

"किधर से आरे?"

"सोलापूर से. पाइप उडता है. तीन बार उडा."

"हौ. देखतूँ."

माझे कान टवकारले. हा 'हौ' माझ्या टिपणांत पान चारवर होता.

उस्तादांनी केबिन उचलली, क्लिप सोडली, होज ओढला. तो कसला विरोध न करता हातात आला. त्यांनी आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"इसमें क्या डाले?"

किन्नर बुटाच्या टोकानं जमीन उकरायला लागला.

"काय घातलंस बे?" दाजी.

"तेल," तो म्हणाला. "पाइप चढत नव्हता. सोपा जावा म्हणून जरासं."

"कसलं तेल?"

"खोबऱ्याचं."

मी दुभाष्याचं कर्तव्य बजावलं. "नारियल का. बालों का."

उस्ताद बराच वेळ गप्प होते. मग होज उन्हात धरून म्हणाले, "शादी में भेजरे क्या इसकू?"

तिन्ही वेळा घातलं होतं, हे नंतर कबूल झालं. आम्ही दोघं बाहेरून आवळत होतो आणि तो आतून सरकवत होता. मुळात एंजिनाच्या श्वासातून तेलाची वाफ हवेच्या वाटेला येतेच, टर्बोतूनही थोडं तेल झिरपतं, त्यामुळं पाइपाचं तोंड आतून तेलकट असतंच. त्यावर रबर घट्ट बसायचं तर तोंड आधी कोरडं ठणठणीत हवं. आम्ही त्याला वर अभ्यंगस्नान घातलं.

दुसरं पाप आमचं. धातूच्या पाइपाच्या टोकाला एक उंच कंगोरा असतो, रबर घसरू नये म्हणून. क्लिप त्या कंगोऱ्याच्या मागं बसवायची. आम्ही ती अंधारात बरोब्बर कंगोऱ्यावर बसवली होती, आणि मग जीव खाऊन आवळली होती. क्लिपच्या पट्टीला स्क्रूसाठी ज्या खाचा असतात, त्यांतून रबर बाहेर आलं होतं आणि होजला सुरीनं कापल्यासारखी चीर गेली होती. माझा पाऊण आटा त्यात कितीसा होता, ते मी विचारलं नाही.

"मियाँ," उस्ताद म्हणाले, "इसकू घोटना नक्को. समझाना पड़ता. हल्लू."

आणि मी तिथंच, टायरवर बसल्या बसल्या, पिशवी उघडली. एका दमात तीन उदाहरणं! 'नक्को' आपलं 'नको'. 'हल्लू' आपलं 'हळू'. आणि 'समझाना' म्हटल्यावर तर मी पान सतरा काढलं. समर्थांच्या मनाच्या श्लोकांच्या धर्तीवर शाह तुराब नावाच्या सूफीनं अठराव्या शतकात तंजावरकडे दक्खनीत एक रचना केली, तिचं नाव 'मनसमझावन'. मी ते उस्तादांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "पाना देव." मग जरा थांबून, "मन कू समझाना आसान है. एंजिन का पाया टूटेला है, वो देखे क्या?"

नव्हतं पाहिलं. एंजिन ज्या रबरी पायांवर बसतं त्यातला एक चिरलेला होता. गाडीनं जोर धरला की एंजिन वाजवीपेक्षा जास्त कलायचं आणि होजला हिसका द्यायचं. तीन हजार वेळा पाइप बसवला असता तरी तो उडालाच असता. असा पाया उस्तादांनी शेवटचा कधी बदलला होता, असं दाजींनी भीतभीत विचारलं.

"परसोंइच तो किये एक गाड़ी का."

दाजींना हायसं वाटलं. मला नाही. हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवापासून मागचा सगळा इतिहास, हे माझ्या पान नऊवर होतं. चौकशी केली तेव्हा ती गाडी २०११ सालची निघाली. 'परसों'ला जोडलेला तो 'इच' मात्र शंभर टक्के आपला 'च'.

पाया आला, सिलिकॉनचा नवा होज आला. साध्या स्क्रूच्या क्लिपऐवजी टी-बोल्टचे क्लॅम्प आले. त्यांची पट्टी रुंद आणि सपाट, त्यामुळं रबर कापत नाही, आणि बोल्टावर एक स्प्रिंग, म्हणजे रबर तापून फुगलं, गार होऊन आकसलं, तरी पकड तीच. पाइपाची तोंडं स्पिरिटनं पुसली, चिंधी पांढरी निघेपर्यंत. आणि मग उस्तादांनी जे सांगितलं त्यावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसला नाही.

"अब बालों का इस्प्रे लाव."

त्यांचा मुलगा शर्यतीच्या गाड्यांची कामं करतो, त्याच्याकडून ते हे शिकले. हेअरस्प्रे आत मारला की ओला असेपर्यंत होज सरकन चढतो, आणि वाळला की डिंकासारखा धरतो. ज्या कामासाठी खोबरेल घातलं, तेही होतं आणि त्याच्या उलटंही होतं. आणायला कोण जाणार? किन्नराचं नाक कापलं गेलेलं, दाजींच्या लुंगीला ग्रीस. राहिलो मी. इथं सांगायला हवं की माझ्या डोक्यावर गेली पंधरा वर्षं एकही केस नाही.

एल. बी. नगरला आलो, मेट्रो पकडली, दिलसुखनगरला उतरलो. सौंदर्यप्रसाधनांची दुकानं ओळीनं होती आणि ओळीनं बंद होती. पायरीवर बसून टिपणं वाचली. दुकान उघडल्यावर आतल्या मुलीनं माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि ताबडतोब दुसरीकडे पाहिलं. फार सुसंस्कृत मुलगी.

"हेअरस्प्रे."

"होल्ड कैसा होना अंकल? सॉफ्ट, मीडियम?"

"सगळ्यात स्ट्राँग. तीन सौ किलोमीटर टिकना."

"लेंथ?"

"तीन इंच."

"कलर किए सो है क्या?"

"नहीं. काला. रबर का."

तिनं डबा ठेवला, पैसे घेतले आणि आतून आईला बोलावलं. आई येईपर्यंत मी बाहेर पडलो.

एंजिन गार झालं होतं. ते महत्त्वाचं; स्प्रे पेट घेतो, तापल्या टर्बोजवळ तो मारायचा नसतो. उस्तादांनी दोन फवारे मारले, होज चढवला, क्लॅम्प कंगोऱ्याच्या मागं बसवला, आणि पाना असा फिरवला की दाजींना राहवेना.

"इतनाच?"

"इतनाइच. बाकी सौ किलोमीटर के बाद, ठंडे में, आधा आटा."

वाळायला ठेवलं. उस्मानिया बिस्किटं झाली, दोनदा चहा झाला. मग विजयवाड्याच्या रस्त्यानं चढावर नेऊन बघितली. आवाज आला नाही. दाजींनी रेस केली, पुन्हा केली. नाहीच आला. इतका वेळ आवाजाची वाट पाहून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

व्याख्यानाला वीस मिनिटं उशिरा पोचलो. एका हाताला ग्रीस, दुसऱ्याला अत्तरासारखा वास, अंगाला कांद्याचा. बावीस पानं ऑटोनगरातच राहिली होती. उस्तादांच्या पोरानं चिंधी संपल्यावर त्यातली काही वापरली, असं नंतर समजलं. मग दिवसभर जे ऐकलं होतं तेच सांगितलं: हौ, नक्को, हल्लू, इतनाइच. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेवटी विचारलं, "तुम्ही दक्खनीचा अभ्यास कोणाकडे केलात?" मी पत्ता दिला.

कांदा रात्री मलकपेठला उतरला. परतीला दाजींनी हुमनाबादला गाडी गार करून आधा आटा दिला आणि सोलापूरपर्यंत पाइप जागचा हलला नाही. स्प्रेचा डबा अर्धा उरला होता; तो किन्नरानं मागून घेतला, आणि आता त्याचे केस वाऱ्यालाही दाद देत नाहीत. आपल्यापैकी कोणावर अशीच वेळ आली तर सांगून ठेवतो: दिलसुखनगरची ती दुकानं साडेदहाच्या आत उघडत नाहीत.