विमानाचा सातबारा

“वहिनी, बेंगलोरचा पुतण्या आलाय म्हणे. विमानं दुरुस्त करतो नं तो?”

“आलाय की. सध्या पुष्पकाचं खूळ भरलंय डोक्यात.”

“रावणाच्या?”

तलाठी भाऊसाहेब रिटायर होऊन जमाना झाला. परतूर परभणी जिल्ह्यात होतं तेव्हा नोकरीला लागले, १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा दप्तरासकट इकडे आले. समोर काही दिसलं की आधी ‘मालक कोण’ हे विचारायची सवय मात्र सुटली नाही. तारेच्या जाळीपलीकडे सुमनकाकू. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवणाऱ्या, हुक लावता लावता बोलणाऱ्या. मी आपला पायरीवर पेपर घेऊन बसलेला. पेपर नावालाच.

“रावणाचं कशानं? मूळ कुबेराचं ते. रावणानं दांडगाईनं घेतलं, रामानं अयोध्येपर्यंत वापरलं अन् परत कुबेराकडं लावून दिलं.”

“म्हणजे मालकी कुबेराची, वहिवाट रावणाची. रामानं निकाल बरोबर दिला,” भाऊसाहेबांनी शेरा मारला.

पुतण्याचं पुष्पक अर्थातच वेगळं. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये तयार झालेलं, २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालेलं. शेजारी शेजारी दोन माणसं बसतील एवढंच, डोक्यावर एकच सलग पंख आणि पुढं नव्वद अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन.

“नव्वदच?” भाऊसाहेब हिशेबाला बसले. “आपल्याकडचा ट्रॅक्टर पन्नासचा. दोन ट्रॅक्टर जोडले की उडालं म्हणायचं.”

“उडत नसतंय तसं. त्याला घाटग्यांसारखा माणूस लागतो.”

इथं काकूंचा आवाज चढला, आणि चढायलाच हवा. डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या थोर आचार्यांच्या हाताखाली शिकले, परत येऊन बेंगळुरूत विमानं आखायला लागले. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांचं, पुष्पकही त्यांच्याच काळातलं. बरं, तो कारखाना १९४० साली म्हैसूर संस्थानाला हाताशी धरून काढला कुणी? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. एवढं सगळं घरचं असून आपल्या पोरांना राइट बंधूंपुढं नाव आठवत नाही. कुणी फार ताणलंच तर तळपद्यांचं चौपाटीवरचं विमान काढतात, ज्याचा धड पुरावा नाही. घाटग्यांचं उडालेलं विमान मात्र कुणाच्या गप्पांत येत नाही.

“ते राहू द्या. मालक कोण?” भाऊसाहेब मुद्द्यावर.

“सरकारनं फ्लाइंग क्लबांसाठी बनवून घेतली. दीडशेच्या आसपास झाली म्हणे. गावोगावची पोरं त्याच्यावर शिकली.”

“हौ. म्हणजे जमीन सरकारी, कसणारा क्लब. कूळच की हो!”

“पुढचं ऐका. आता क्लबांकडं नवी विमानं आली, ही कोपऱ्यात पडली. कुणीतरी हौशी माणूस तसलं एक घ्यायचं म्हणतोय, अन् आमच्या पोराला बघायला बोलावलं. तर हा म्हणतो, मी विमान नंतर बघेन, आधी वह्या दाखवा.”

“कसल्या वह्या?”

वह्या म्हणजे लॉगबुकं. विमानाच्या सांगाड्याची एक, इंजिनाची एक. किती तास उडालं, कधी आदळलं, कुठला भाग कुणी बदलला, सगळं तारीखवार, खाली इंजिनिअरची सही. मालक बदलला की वह्या विमानाबरोबर जातात आणि नोंदणीच्या कागदावर नवं नाव चढतं. भाऊसाहेबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. “सातबारा! अन् हा फेरफार!” त्यांनी जाळीवर थाप मारली. वह्या गहाळ असल्या तर वरून चकचकीत दिसणारं विमानही उडवायची परवानगी मिळेनाशी होते आणि भाव भंगाराचा येतो, हे कळल्यावर तर त्यांना पुतण्या एकदम जवळचा वाटायला लागला.

मग मलाही राहवलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पेपरला आलेली बातमी मी सांगितली. एअर इंडियाचं एक जुनं बोइंग ७३७, १९८२ साली इंडियन एअरलाइन्सकडं आलेलं, कलकत्त्याच्या विमानतळावर वर्षानुवर्षं उभं. कंपनीच्या दप्तरातून त्याची नोंदच सुटलेली. विमानतळवाल्यांनी ‘तुमचं विमान हलवा’ म्हटलं तेव्हा मालकाला कळलं की हे आपलं आहे. शेवटी ते रस्त्यानं बेंगळुरूला गेलं, इंजिनिअर पोरांना शिकायला.

“गुंठाभर जमीन विसरलेली माणसं पाहिलीत मी,” भाऊसाहेब हळहळले. “पण विमान?”

“बरं, वह्या सापडल्या. पुढं?” मी विचारलं.

पुढचं काकूंच्या हातातलं. पुष्पकाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखात लाकूड, आणि वरून चक्क कापड. ते जुनं कापड फाडल्याशिवाय आतला गंज, कुजका भाग दिसत नाही, म्हणून पहिलं काम विमान सोलायचं. सगळं ठीक करून नवं कापड चढवायचं आणि ते पंखाच्या आडव्या फासळ्यांना शिवायचं. “असं बघा,” म्हणून काकूंनी मांजरपाटाचा तुकडा जाळीवर टाकला, हातभर दोरा ओवला. सुई वरून खाली, जाळीच्या तारेला वळसा, खालून वर, गाठ. दोन-तीन इंचांवर परत तेच. खऱ्या कामाला सुई लांबलचक लागते आणि दोरा मेणातून ओढलेला. एक माणूस पंखाच्या वर, एक खाली, सुई एकमेकांकडं ढकलायची. गाठ सैल राहिली तर हवेत कापड फुगतं. “एक टाका उसवला तर पुढचा सुटू नये, म्हणून प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. मी ब्लाउजला एवढं करत नाही,” काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या.

टाक्यांवर पट्ट्या चिकटवायच्या, मग डोप नावाच्या रोगणाचे हातावर हात द्यायचे. ते वाळताना कापड आवळतं. हवा दमट असली तर त्यावर पांढरट डाग पडतात, काम वाया जातं.

“मग आणा म्हणावं परतूरला,” भाऊसाहेब म्हणाले. “चैत्र-वैशाखात इथं दमट काय सापडतंय!”

मॉथ नावाच्या जुन्या विमानांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांचे लाकडी पंख दुधातल्या केसिनच्या सरसानं जोडलेले. ओल लागली की तो सरस बुरशीनं खाल्ला जायचा आणि बाहेरून पत्ता लागायचा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते असल्याच लाकडी पंखांच्या पस मॉथमधून. वाटेत अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आणलेलं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, मग टपालाचं विमान पुण्याला येरवड्याला उतरायचं. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तोच प्रवास एकट्यानं परत केला. या वेळी विमान पस मॉथ नव्हतं, त्याच घराण्यातलं लेपर्ड मॉथ होतं.

“अठ्ठ्याहत्तर!” भाऊसाहेब गप्प झाले. आमच्याकडं त्या वयात माणसाला स्टेशनपर्यंत एकटं सोडत नाहीत.

“अन् हवाई दलानं टायगर मॉथ इंग्लंडला पाठवून नीट करून आणलं,” काकू म्हणाल्या. “२०१२ च्या ८ ऑक्टोबरला हिंडनला उडालं. पुतण्या म्हणतो, अशा विमानात लाकूड नवं, कापड नवं, इंजिन उघडून केलेलं. जुनं राहतं काय? कुठं कुठं तर नंबराची पट्टी तेवढी.”

“मग ते जुनं विमान कसं?” मी विचारलं. मला खरोखरच पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही. सगळं बदलून पट्टी तेवढी ठेवायची, हे मला थोडं लबाडीचंच वाटतं.

“तुम्हाला नाही कळायचं,” भाऊसाहेब म्हणाले. “पुरात माती वाहून गेली, दुसरी गाळाची आली, तरी गट नंबर तोच असतो का नाही? शेत तेच!”

काकूंनी दोरा तोडला. “तुमचं म्हणणं पोराला सांगते. तोही हेच म्हणतो, फक्त इंग्रजीत.”

“अजून एक विचारा. कर्ज काढून घेतलं तर कागदावर बोजा चढतो का?”

“चढतो. नोंदणीवरच लिहितेत, गहाण म्हणून.”

“इतर हक्कात! अन् हा फेरफार करायला जायचं कुठं?”

“दिल्लीला.”

“दिल्लीला?” भाऊसाहेबांनी चष्मा काढला. “अन् लोक माझ्या नावानं ओरडायचे, परतूरला दोन चकरा झाल्या म्हणून.”